मदत हवी आहे: ऊनोवरचा ठिबकचा कोड ईएसपी३२ वर नेताना टायमरवर अडलोय

नमस्कार मंडळी. आईच्या गच्चीवरच्या बागेसाठी आर्डुइनो ऊनोवर ठिबकचा कंट्रोलर चालतो. मोबाइलवरून पाणी सोडता यावं म्हणून तोच कोड ईएसपी३२ या वाय-फायवाल्या बोर्डवर नेतोय.

बरंचसं जमलंय. एडीसी (सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणारा भाग) ऊनोच्या १० ऐवजी इथे १२ बिटांचा, म्हणून ओलाव्याची मर्यादा ० ते ४०९५ मध्ये नव्याने ठरवली. वाय-फाय सुरू असताना एडीसी २ च्या पिनांवर रीडिंग मिळत नाही, म्हणून ओलाव्याचा सेन्सर एडीसी १ च्या पिन ३४ वर घेतला. फ्लो सेन्सर (वाहणारं पाणी मोजणारा) ५ व्होल्टचा. त्याचा सिग्नल दोन रेझिस्टर लावून ३.३ व्होल्टच्या आत आणला.

खरी अडचण टायमरची. जुना कोड टायमर १ चे रजिस्टर थेट लिहून दर सेकंदाला फ्लो सेन्सरच्या पल्स मोजतो आणि ठरलेले लिटर झाले की व्हॉल्व्ह बंद करतो. ते रजिस्टर एव्हीआरचे (ऊनोवरच्या चिपचे), इथे कंपाइलच होत नाही. नेटवरची बरीच उदाहरणं ईएसपी३२ च्या आर्डुइनो कोअरच्या (बोर्ड पॅकेजच्या) आवृत्ती २ ची आहेत. आवृत्ती ३ मध्ये टायमरबिगिन या फंक्शनला प्रीस्केलर (घड्याळाचा वेग भागणारा आकडा) नाही, थेट फ्रिक्वेन्सी द्यावी लागते. नुसतं मिलिस (किती मिलिसेकंद झाले ते सांगणारं फंक्शन) लूपमध्ये वापरलं, तर वाय-फाय पुन्हा जोडताना लूप अडकून व्हॉल्व्ह उशिरा बंद व्हायची भीती वाटते. कुंड्या तुडुंब भरल्या तर मुळं कुजतात हो.

हार्डवेअर टायमर घेऊ, की प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरवर वेगळा टास्क चालवू? पल्स मोजायला पीसीएनटी (ईएसपी३२ मधला पल्स काउंटर) कोणी वापरलंय का? छोटा नमुना कोड मिळाला तर फार मदत होईल.