तिसरीच्या मुलांना दगड आणि खनिजं कशी शिकवावीत? (सोलापूर)

तिसरीच्या_बाई: वर्गात तीसेक मुलं, चाळीस मिनिटांचे दोन तास. दगडांची तयार पेटी घ्यायला पैसे नाहीत, आणि सोलापुरात जिकडे बघावं तिकडे काळाच दगड. दगड आणि खनिज यांतला फरक या वयाला कसा दाखवू?

कातळ: बाई, तो काळा दगड म्हणजे बसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा निवून झालेला. भराभर निवल्यामुळे त्यातले कण डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून फरक दाखवायला सुरुवात त्याच्यापासून नको. फरशीवाल्याकडे ओट्याच्या ग्रॅनाइटचे उरलेले तुकडे मागा. इलकलचा लाल ग्रॅनाइट मिळाला तर फारच छान: लालसर फेल्डस्पार, काचेसारखं करडं क्वार्ट्झ ही खनिजं आणि काळे कण वेगवेगळे दिसतात. चिवड्यातले पोहे, दाणे, डाळं ओळखू येतात तसे. चिवडा म्हणजे दगड, दाणा म्हणजे खनिज, एवढं या वयाला पुरे. तुकडा ओला केला की रंग उठून दिसतात. ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ मात्र घेऊ नका, तो बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच.

मग खडीच्या ढिगातून पांढरे ठिपके असलेला बसाल्ट आणा. ते ठिपके म्हणजे लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागा. पुढे त्यांत पाण्यासोबत आलेली कॅल्साइट, क्वार्ट्झ, झिओलाइट ही खनिजं भरली.

प्रयोगवही: नावं पाठ करून घेऊ नका, चाचण्या करू द्या. पहिली कठीणपणाची. मोहस मापनात, म्हणजे कठीणपणाच्या पट्टीवर (आकडा मोठा तितकं कठीण), नख साधारण २.५, तांब्याची तार ३, काच ५.५, गारगोटी म्हणजेच क्वार्ट्झ ७. गारगोटीने बाटलीच्या काचेवर ओरखडा येतो, संगजिरं नखानेसुद्धा खरवडलं जातं. इथे मुलं हमखास फसतात, कारण मऊ दगडाची भुकटी कठीण दगडावर लागते आणि ओरखड्यासारखी दिसते. ओल्या बोटाने पुसायला सांगा. पुसलं गेलं तर ती भुकटी, राहिलं तर खरा ओरखडा. काच टेबलावर सपाट ठेवा, हातात धरू देऊ नका.

दुसरी रंगरेषेची. पांढऱ्या टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर दगड घासायचा. गेरूची रेघ लाल येते, पेन्सिलीच्या शिशाची काळी. गारगोटी इथे घासू नका, ती टाइललाच खरवडते आणि टाइलची भुकटी मुलांना गारगोटीची रेघ वाटते.

तिसरीच्या_बाई: दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून फेस येतो का बघायची चाचणी असते, ती लिंबाच्या रसाने चालेल का? आणि कशावर करायची?

प्रयोगवही: चालते, पण फेस कमी येतो. शहाबादी फरशीचा तुटका तुकडा घ्या, तो चुनखडीचा असतो. पॉलिश केलेल्या बाजूवर काही दिसत नाही. कडेला खिळ्याने खरवडून त्या भुकटीवर दोन-तीन थेंब टाका आणि भिंगातून बारीक बुडबुडे बघा. काळ्या मातीत सापडणारे पांढरे चुनखडे तर जोरात फसफसतात. नुसता बसाल्ट फसफसत नाही, पण त्यातला एखादा ठिपका फसफसला तर बहुधा कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलंच खनिज. फळ्याचा खडू चुनखडी समजून वापरू नका, आपल्याकडचा बराचसा खडू जिप्समचा असतो आणि तो फसफसत नाही.

कातळ: एक कळकळीची विनंती. दगड फोडायचा तो मोठ्यांनीच, गोणपाटात गुंडाळून आणि चष्मा लावून. बसाल्टच्या कपच्या धारदार उडतात. खाणीत किंवा क्रशरवर मुलांना नेऊ नका. आणलेल्या प्रत्येक दगडावर व्हाइटनरचा ठिपका देऊन, वाळल्यावर त्यावर नंबर घाला आणि वहीत त्या नंबरापुढे तो कुठे सापडला ते मुलांकडूनच लिहून घ्या. जागा लिहिली नाही तर आठवड्याभरात सगळे काळे दगड सारखेच दिसू लागतात.