अ‍ॅझाथायोप्रिनने पांढऱ्या पेशी घटल्या. पुढचा निर्णय कसा घ्यावा?

माझ्या धाकट्या भावाला (वय 28, वजन 56 किलो) अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण) आहे. मेसालामिन या आतड्याची सूज कमी करणाऱ्या औषधाच्या पूर्ण मात्रेनेही रक्त पडणे थांबेना आणि स्टेरॉइड कमी करताच त्रास उलटू लागला, म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध रोज 50 मिलिग्रॅम सुरू केले. गुण यायला तीन-चार महिने लागतात, हे ठाऊक होते. परंतु त्याआधीच पांढऱ्या पेशी 2,800 वर उतरल्या, केसही झपाट्याने गळू लागले आणि डॉक्टरांनी गोळी थांबवली. हे औषध शरीराला कितपत झेपेल याचा अंदाज देणारी टीपीएमटी चाचणी सामान्य होती. त्याच कामासाठी भारतीयांमध्ये अधिक उपयोगी ठरणारी एनयूडीटी15 ही जनुकीय चाचणी मात्र झालेली नाही. तो अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट ही या गोळीचा परिणाम वाढवणारी, यूरिक आम्लावरची औषधे घेत नाही. शौचाच्या तपासणीत संसर्ग आढळला नाही.

आता इन्फ्लिक्सिमॅब आणि टोफासिटिनिब हे दोन पर्याय समोर आहेत; दोन्ही प्रतिकारशक्ती दाबतात आणि सुप्त क्षयरोग जागा होऊ शकतो. घरात पूर्वी वडिलांना क्षयरोग झाला होता, त्यामुळे दोन्हींचे दडपण वाटते, खर्चाचा प्रश्न तर आहेच. अंतिम निर्णय अर्थातच डॉक्टरांचा. त्यांना नेमके काय विचारावे, एवढेच समजून घ्यायचे आहे.

असा अनुभव आलेल्यांनी एनयूडीटी15 चाचणी करून कमी मात्रेत अ‍ॅझाथायोप्रिन पुन्हा घेतले का, आणि थेट पुढच्या औषधाकडे गेलेल्यांना क्षयरोगाची तपासणी निगेटिव्ह असूनही आधी प्रतिबंधक औषध दिले गेले का?