मदत हवी आहे: 1863 चं बिननावाचं टोकन कुणाचं, हे ठशावरून सांगता येईल का?

तांबडी_चकती
माझ्याकडे अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातली दोन टोकनं आहेत. एकावर सिनसिनाटीच्या एका किराणा दुकानदाराचं नाव आहे, दुसऱ्यावर कुणाचंच नाही. दोन्हींवर तेच डोकं आणि खाली 1863. ठशावरून, म्हणजे टोकन पाडायच्या पोलादी डायवरून, बिननावाचंही त्याच दुकानदाराचं, असं लिहिता येईल का? शनिवारी प्रदर्शनात मांडायची आहेत आणि त्यांच्याखाली ठेवायची चिठ्ठी उद्या छापायला जाते. टोकनं का निघाली तो इतिहास नको, तो मला माहीत आहे.

जुनं_तांबं
फोटो कुठे आहेत? वजन, व्यास काहीच दिलेलं नाही. आणि "तेच डोकं" म्हणजे कुठलं? त्या काळात स्वातंत्र्यदेवीपासून वॉशिंग्टनपर्यंत बरीच डोकी टोकनांवर होती.

तांबडी_चकती
पिसांचा टोप घातलेलं, त्या वेळच्या सेंटवर होतं तसं. भोवती 13 तारे. मागे नाववाल्यावर पत्ता, बिननावाच्यावर माळेच्या आत "नॉट वन सेंट". व्यास दोन्हींचा 19 मिमी. वजन काटा मिळाला की सांगतो.

पानोपानी
इतिहास नको म्हणालात, पण चिठ्ठीत ही ओळ हवीच. 1862 मध्ये लोकांनी सुटी नाणी दडवून ठेवली, व्यवहार अडले, म्हणून दुकानदारांनी स्वतःची टोकनं पाडून घेतली. 22 एप्रिल 1864 च्या कायद्याने एक आणि दोन सेंटच्या जागी चालणाऱ्या खासगी टोकनांना बंदी आली. 8 जूनला दुसरा कायदा आला आणि सगळ्याच खासगी नाण्यांवर बंदी पडली. "नॉट" हा शब्द बारीक अक्षरात का असतो, तेही लिहा. लांबून पाहिलं तर "वन सेंट"च वाचलं जावं!

तांबडी_चकती
धन्यवाद, पण हे मी विचारलंच नव्हतं.

काठावर
काठ, म्हणजे जाडीची बाजू, बघा. कुणी काठ बघतच नाही. माझी सगळी उमेद ब्रिटिश टोकनांत गेली. 1787 ला वेल्सच्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस माइन या तांब्याच्या खाणकंपनीने सुरुवात केली आणि पुढची दहा वर्षं तिकडे टोकनांचा पूर आला. "अमुक ठिकाणी पैसे मिळतील" असं त्यांच्या काठावर कोरलेलं असतं. संग्राहकांना विकायला एकाचा दर्शनी ठसा आणि दुसऱ्याचा मागचा ठसा अशा जोड्या लावून नवी टोकनं पाडली जायची. तोंडावर एक गाव, काठावर दुसरंच.

जुनं_तांबं
काठावर, यादवी युद्धाच्या बहुतेक टोकनांचा काठ सपाट असतो, तिथे वाचायला काही नाही. पण जोड्यांचा मुद्दा इथेही लागू आहे. म्हणूनच या टोकनांची सूची करणाऱ्या फुल्ड पितापुत्रांनी टोकनांऐवजी ठशांना क्रमांक दिले. बिननावाच्या टोकनाचं नाव म्हणजे पुढच्या ठशाचा क्रमांक, तिरपी रेघ, मागच्या ठशाचा क्रमांक आणि धातूचं अक्षर. तांब्याला "ए", पितळेला "बी".
धागाकर्ते, दोन्ही डोकी एकाच ठशाची आहेत की नुसती सारखी दिसतात? सगळं यावर अडलंय.

तांबडी_चकती
हुबेहूब आहेत. भिंगाखाली पाहिलीत.

प्रेसटूल
मी 22 वर्षं डाय बनवण्याच्या कामात काढली, म्हणून सांगतो, डोकं सारखं असून काही सिद्ध होत नाही. डोक्याचा एक पंच, म्हणजे आकृती कोरलेला पोलादी ठोकणा, असतो. तो पोलादात ठोकून एकाच कारागिराने पाच ठसे केले तरी पाचही डोकी सारखीच येणार. तारे, आकडे, अक्षरं मात्र एकेक करून हाताने ठोकायची, तिथे हात दोनदा एकसारखा पडत नाही. ताऱ्याचं टोक कडेभोवतीच्या बारीक दात्यांपैकी कुठल्या दात्याकडे रोखलेलं आहे ते पाहा. 1863 मधला 3 बाकीच्यांपेक्षा खाली बसलाय का ते पाहा.

तांबडी_चकती
पाहिलं. दोन्हींवर 3 किंचित खाली आहे आणि डावीकडून पहिल्या ताऱ्याचं टोक दोन दात्यांच्या बरोबर मधे येतं. बिननावाच्यावर एक ओरखडाही आहे, 3 पासून कडेपर्यंत. त्याने किंमत कमी होते का?

प्रेसटूल
थांबा. तो ओरखडा आत गेलेला आहे की वर आलेला?

तांबडी_चकती
काय फरक पडतो?

प्रेसटूल
सगळा फरक त्यातच आहे. टोकनावर ओढलेली रेघ खोल जाते. ठसा तडकला असेल तर धातू त्या फटीत शिरतो आणि टोकनावर रेघ उठून दिसते. दिवा एका बाजूला आडवा धरा आणि टोकन हळूहळू फिरवा. उठाव असेल तर सावली दिव्याच्या पलीकडच्या बाजूला पडते. फोटोवर जाऊ नका, फोटोत खड्डा उंच दिसतो आणि उंच भाग खड्डा.

चकाकी
रेघ जात नसेल तर टूथपेस्ट लावून मऊ कापडाने घासा, नव्यासारखं होतं.

जुनं_तांबं
कृपा करून घासू नका. तांब्याचा मूळ रंग एकदा गेला की परत येत नाही, आणि अशा बारीक रेघा सगळ्यात आधी जातात. चकाकी, असा सल्ला इथे देऊ नका, लोक खरंच करतात.

तांबडी_चकती
उठून आलेली आहे! आणि आता बघितलं तर नाववाल्यावरही आहे, फक्त आखूड. कडेपासून निघते आणि 3 च्या अलीकडेच थांबते.

प्रेसटूल
मग तुमचं उत्तर निम्मं मिळालं. तड वाढत जाते, परत बुजत नाही. दोन्ही एकाच ठशातून निघाली. आधी दुकानदाराचं, मग बिननावाचं.

काठावर
घाई होतेय. बिननावाचं ओतीव असेल तर? नाववाल्याची पुढची बाजू साच्यात उतरवली की तारे, दाते, तड, सगळं जसंच्या तसं येतं.

जुनं_तांबं
शंका रास्त आहे, पण साच्यात आखूड तड आखूडच उतरणार, लांब होणार नाही. लांब तड असलेल्या तिसऱ्याच टोकनावरून ओतलं असेल तर गोष्ट वेगळी. अक्षरांच्या कडा बोथट आहेत का, सपाट भागावर बारीक छिद्रं आहेत का, काठावर जोडाची रेघ आहे का, तेवढं बघून घ्या.

तांबडी_चकती
कडा धारदार आहेत, छिद्रं नाहीत, काठ स्वच्छ. वजनही आलं, 3.4 आणि 3.5 ग्रॅम. मग आता लिहू ना, त्याच दुकानदाराचं म्हणून?

जुनं_तांबं
नाही! जुळला तो डोक्याचा ठसा. तो दुकानदाराचा नव्हता, ठसे कोरणाऱ्याचा होता. कोरणारा एक तयार दर्शनी ठसा ठेवायचा, गिऱ्हाईक आलं की फक्त मागच्या बाजूला त्याचं नाव कोरायचं. त्याच डोक्याखाली किराणावाला, केशकर्तनवाला, दारूवाला, सगळे येतात. सिनसिनाटीचे कारागीर तर शेजारच्या राज्यांतल्या दुकानदारांचीही टोकनं पाडून देत. तुमच्या दुकानदाराचं काम झाल्यावर तोच ठसा "नॉट वन सेंट"ला जोडला गेला, एवढंच टोकन सांगतं.

काठावर
आणि तोही त्याच कारखान्यात, हे कशावरून? ठसे विकले जायचे, एकाकडून दुसऱ्याकडे जायचे.

प्रेसटूल
तडकलेली डाय कोण विकत घेणार?

काठावर
घ्यायचे. स्वस्तात मिळाली तर घ्यायचे. ब्रिटिश टोकनांत मी अशी उदाहरणं पाहिली आहेत.

जुनं_तांबं
याचा निकाल "नॉट वन सेंट"च्या ठशावर लागेल. तो मागचा ठसा दुसऱ्या कुठल्या नाववाल्या सिनसिनाटी टोकनावर सापडला तर साखळी पक्की होईल. तोपर्यंत कारखान्याबद्दल "बहुधा" लिहा.

पानोपानी
ठशांवरून आठवलं. "ध्वज खाली खेचू पाहील त्याला जागच्या जागी गोळी घाला" हे त्या वेळचे अमेरिकन अर्थमंत्री जॉन डिक्स यांचं वाक्य असलेल्या टोकनांच्या एका ठशावर "स्पॉट"च्या जागी चुकून "स्पूट" कोरलं गेलंय. तो ठसा ओळखायला भिंगसुद्धा लागत नाही.

तांबडी_चकती
चिठ्ठी अशी केली: "बिननावाचं टोकन, 1863 चा ठसा. दर्शनी ठसा शेजारच्या सिनसिनाटीच्या टोकनाचाच, पण तड वाढलेली, म्हणून नंतर पाडलेलं. बहुधा त्याच कारागिराचं. चालवणारा अज्ञात." दोन्ही टोकनं तड वरच्या बाजूला येईल अशी फिरवून ठेवतो आहे.

प्रेसटूल
चिठ्ठी छान झाली. तड येते तो भाग मोठा करून फोटो टाका ना. 3 च्या पुढे ती फुटून दोन वाटांनी गेली आहे का, ते मला बघायचंय.