मदत हवी आहे: समांतर विश्वं एकमेकांना रेटतात, म्हणजे नेमकं काय?

नमस्कार मंडळी,

क्वांटम भौतिकीतल्या जाणकारांनी कृपया वेळ काढून वाचावं.

मी नागपूरला बारावीला फिजिक्स शिकवते. रमण विज्ञान केंद्राची सहल झाल्यावर वर्गात समांतर विश्वांचा विषय निघाला आणि एका मुलीनं विचारलं, "मॅडम, दुसरी विश्वं आहेत तर ती आपल्याला लागत काहून नाहीत?" प्रश्न फार मोलाचा आहे, थातुरमातुर उत्तरावर तिची बोळवण करायची नाही.

भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटची १९५७ ची अनेक विश्वांची मांडणी मी सांगितली. तरंगफलन (कण कुठे, कोणत्या स्थितीत सापडण्याची किती शक्यता हे सांगणारं गणिती वर्णन) मोजमाप केल्यावर एकाच उत्तरावर कोसळत नाही, त्याच्या शाखा होतात, म्हणजेच वेगवेगळी विश्वं, आणि डिकोहेरन्समुळे (भोवतालाशी गुंतून शाखा सुट्या पडतात त्यामुळे) त्या शाखांचा एकमेकींवर व्यवहारात काही परिणाम उरत नाही. इथवर ठीक.

मग हॉल, डेकर्ट आणि वाइजमन यांचा २०१४ चा 'फिजिकल रिव्ह्यू एक्स' या संशोधनपत्रिकेतला पेपर हाती आला. त्यांचं म्हणणं अगदी उलट: तरंगफलन मूलभूत नाहीच. पुष्कळ विश्वं आहेत, प्रत्येकात कणांच्या जागा आणि वेग ठरलेले, आणि ज्या विश्वांची मांडणी जवळपास सारखी आहे ती एकमेकांना दूर लोटतात. सगळी क्वांटम करामत या रेट्यातून येते. एकच विश्व असेल तर उरतो तो न्यूटन.

त्यातलं टनेलिंग (ऊर्जा कमी असूनही कण अडथळा पार करतो ते) मला फार आवडलं. दोन विश्वं, दोन्हींत एकेक कण, दोघेही ऊर्जेच्या टेकाडाकडे निघालेले, पण एकट्यानं चढण्याइतकी ऊर्जा कोणाकडेच नाही. पुढचा कण चढावर मंदावतो, मागचा जवळ येतो, रेटा वाढतो. पुढच्याला वेग मिळून तो टेकाड ओलांडतो, मागचा परत फिरतो. हे फळ्यावर बाण काढून दाखवता येतं!

अडलंय ते इथे: एका मितीत विश्वं ओळीनं लावता येतात, म्हणून शेजारी कोण ते कळतं. पण तीन मितींत, अनेक कण असताना, 'जवळचं विश्व' ठरवायचं कसं? रेट्याचं सूत्र तिथे कसं लिहितात? शिवाय विश्वांची संख्या मर्यादित असेल तर उत्तरं नेहमीच्या क्वांटम सिद्धांतापेक्षा किंचित वेगळी यायला हवीत. तो फरक कोणत्या प्रयोगात पकडता येईल?

फुग्यांसारख्या विश्वांच्या टकरी आणि पार्श्वप्रारणातल्या (विश्वाच्या आरंभकाळापासून उरलेल्या प्रारणातल्या) खुणा हा वेगळा विषय आहे, तो कृपया इथे नको.

पायथनमध्ये दोन-चार विश्वांचं टनेलिंग कोणी करून पाहिलं असेल तर कोड जरूर द्या, मुलांकडून चालवून घेईन.