ॲपल सायडर व्हिनेगर: आईची शुगर, रात्रीचा भात आणि उपाशीपोटीचे दोन चमचे

गोरेवाडा_गारवा
आई, वय 58, टाइप 2 डायबिटीस. शुगरच्या गोळ्या: मेटफॉर्मिन दोनदा आणि ग्लिमेपिराइड 1 सकाळी. रात्री भात झाला की दोन तासांनी शुगर 210-220 येते. बाजूच्या काकू म्हणून राहिल्या, सकाळी उपाशीपोटी दोन मोठे चमचे ॲपल सायडर व्हिनेगर, कोमट पाण्यात मध टाकून घ्या. सीताबर्डीवरून ‘विथ मदर’वाली बाटली आणली, अजून फोडली नाही. खरंच शुगर उतरते का? किती, कधी घ्यायचं? वजन आणि तर्रीपोह्यानंतरची ॲसिडिटी पण जाते म्हणतात.

डाळभात_गणित
उपाशीपोटी घेतलं तर मुद्दाच हुकतो. ॲसेटिक ॲसिडमुळे पोटातलं अन्न आतड्यात सावकाश उतरतं, स्टार्चची साखर करणारी काही एन्झाइम्सही थोडी मंदावतात. म्हणजे भात, पोहे, पोळी पुढ्यात असेल तरच त्याला काम. मध घालून घ्यायचं तर शुगरसाठी घेता कशाला?

ग्लिमेपिराइड चालू आहे, म्हणून डॉक्टरांना आधी विचारा. ही गोळी जेवण पचो न पचो, इन्सुलिन सोडायला लावते. जेवणातली साखर उशिरा पोचली तर मधल्या वेळात शुगर खाली घसरू शकते. गोळी सकाळची आहे, त्यामुळे नाश्त्याला व्हिनेगर नकोच. डॉक्टर हो म्हणाले तर रात्रीच्या भातासोबत 1 छोटा चमचा, म्हणजे 5 मिली, मोठ्या ग्लासभर पाण्यात. आठवडाभर मळमळ-जळजळ नसेल तर 10, फार तर 15 मिली. घाम, थरथर वाटली तर लगेच ग्लुकोमीटर. 70 च्या खाली असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.

उपयोग होतो का ते घरीच बघता येतं. तेवढाच भात, तेच वरण, तीच जेवणाची वेळ: तीन रात्री व्हिनेगरशिवाय, तीन रात्री घेऊन. प्रत्येक वेळी जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी रीडिंग. भात वजनकाट्यावर मोजा, वाटीने घोळ होतो. ग्लुकोमीटरची स्वतःचीच चूक 15 टक्क्यांपर्यंत चालवून घेतात, त्यामुळे 215 चे 200 झाले म्हणून पेढे वाटू नका. आणि अर्धी वाटी भात कमी करून बघितला तर बहुतेक त्याचाच फरक जास्त दिसेल.

दातांची_काळजी
पाणी न घालता कधीच नाही. व्हिनेगरचा पीएच (आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण 2.5 ते 3. दाताचं कवच 5.5 च्या आसपासच विरघळायला लागतं. घोट घोट तासभर पीत बसू नये, ग्लास एकदाच संपवा, वरून साध्या पाण्याने चूळ भरा. ब्रश तासाभरानंतर, कारण मऊ पडलेलं कवच ब्रशने घासलं जातं. झोपायच्या तोंडावर नको: रात्री लाळ कमी सुटते आणि आडवं झालं की आंबट वर येतं.

इतवारी_किराणा
‘मदर’च्या नावावर पैसे घालवू नका, भाऊ. तळाचा तो गढूळ गोळा म्हणजे व्हिनेगर करणारे जिवाणू आणि त्यांनी बनवलेलं सेल्युलोज. शुगरवर जे काय होतं ते ॲसेटिक ॲसिडने, ते गाळलेल्या बाटलीतही तेवढंच. लेबलवर ॲसिडिटी किती टक्के ते वाचा: 5 टक्केवालं 15 मिली म्हणजे पाऊण ग्रॅम ॲसिड. ‘सिंथेटिक’ लिहिलं असेल तर ते फळापासून आंबवलेलं नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यात ओतू नका, आंबटाने धातू उतरतो. काच बरी.

प्यायलाच पाहिजे असंही नाही. कांदा-काकडीच्या कोशिंबिरीवर मोठा चमचाभर टाकून भातासोबत खाल्ली तरी ॲसिड पोटात तेवढंच जातं, दातांना त्रासही कमी.

डाळभात_गणित
वजनाचं राहिलं. 2009 च्या जपानी अभ्यासात रोज 15 किंवा 30 मिली व्हिनेगर 12 आठवडे दिलं. वजन उतरलं ते किलो-दोन किलो, आणि थांबवल्यावर परत चढलं. लेबनॉनच्या 2024 च्या अभ्यासाने मोठी घट दाखवली, व्हॉट्सॲपवर तोच फिरत असतो. आकडेवारीच्या गडबडीमुळे तो 2025 मध्ये मागे घेण्यात आला.

ॲसिडिटीसाठी बिलकुल नाही. तर्रीने जळजळणाऱ्या पोटात आणखी ॲसिड कशाला? तर्री कमी घ्या. जुन्या डायबिटीसमुळे पोट संथ झालेल्यांनी (दोन घासांत पोट भरणं, उलट्या) हात लावू नये. लघवीची गोळी, डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही: खूप दिवस जास्त प्रमाणात घेतलं तर पोटॅशियम उतरू शकतं. तीळ-चामखीळ जाळायला कापूस भिजवून बांधतात, त्याने कातडी भाजते.

गोरेवाडा_गारवा
कोशिंबिरीचं पटलं. दह्यात कालवली तर चालेल ना? आणि कॅप्सूल?

इतवारी_किराणा
दही चालेल, पण आधीच आंबट, चव बघून टाका. कॅप्सूल नको, कोणत्या गोळीत किती ॲसिड आहे याचा भरवसा नसतो, आणि घशात अडकली तर अन्ननलिका भाजते.