शर्यतीतून निवृत्त झालेली थरोब्रेड घोडी गावी आणावी का?

बालाघाट_शेती

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण दहा-बारा दिवसांत हो की नाही ते कळवायचं आहे.

आमचं शेत अंबाजोगाईपासून १२ किलोमीटरवर. ९ एकर, त्यातलं २ एकर विहिरीवर भिजतं, बाकी कोरडवाहू. घरी आई, मी आणि धाकटा भाऊ. दोन म्हशी, एक वगार, एक बैलजोडी. आजोबांकडं घोडी होती. अंबाजोगाई म्हणजे जुनं मोमिनाबाद, हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी इथं होती. त्या घोड्यांच्या गोष्टी आजोबा त्यांच्या वडिलांकडून ऐकलेल्या सांगायचे. घोड्याचं वेड मला तिथूनच लागलं. पण घोडं मी स्वतः कधी सांभाळलेलं नाही, हे आधीच सांगते.

भावाचा मित्र पुण्यात एका ट्रेनरच्या तबेल्यात आहे. तिथं ६ वर्षांची एक थरोब्रेड घोडी आहे. रंग कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, उंची ६३ इंच. मागच्या हंगामात पुढच्या डाव्या पायाचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी नस) गेला, आता पळणार नाही. मालक म्हणतात पैसे नकोत, गाडीभाडं तुमचं. कागदपत्रं सोबत देणार आहेत.

आमच्या उन्हाळ्यात ती तगेल का? कडब्यावर राहील का? मला तिच्यावर बसता येईल का? भाऊ म्हणतो मारवाडी घोडा लावून शिंगरू काढू आणि नांदेडकडच्या माळेगावच्या जत्रेत विकू. चुलते म्हणतात लग्नाच्या वरातीला लावा, खर्च निघेल. मला तिला आणायचंय, पण आणून तिचे हाल करायचे नाहीत.

लोहेकर_माळेगाव

ताई, माळेगाव आमच्या तालुक्यातलं. मार्गशीर्षाच्या शेवटी खंडोबाची जत्रा भरते तेव्हा आठ दिवस मी घोड्यांच्या बाजारातच असतो, म्हणून तेवढ्यापुरतं सांगतो. आमच्याकडचं गिऱ्हाईक घोड्याचे कान बघतं, टोकं एकमेकांना भिडली पाहिजेत. मग रवाल चाल, म्हणजे बसणाऱ्याला हिसका न देणारी, अंगावरचे केसांचे भोवरे, त्यातला गळ्यावरचा देवमण, आणि रंग. पांढराशुभ्र नुकरा असला की गर्दी होते. थरोब्रेडचे कान सरळ, कातडी पातळ, चाल लांब. पळणारं जनावर म्हणून कौतुकानं बघतील, भाव कुणी करणार नाही. मारवाडीपासून झालेलं शिंगरू ना इकडचं ना तिकडचं. त्याचा रुबाब कितीही असू द्या, गिऱ्हाईक आधी विचारतं, 'जात कोणती?' भावाला त्या हिशोबात पडू देऊ नका.

पूर्णाकाठ

ताई, मी जिंतूर तालुक्यातला. १९९८ ला मामाच्या मागं पुण्याला गेलो. आधी सईस, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, मग पहाटे घोडे फिरवणारा रायडिंग बॉय. १९ वर्षं तेच केलं. पावसाळाभर पुण्याचा हंगाम, दिवाळीच्या सुमाराला घोड्यांच्या गाड्यांबरोबर मुंबईला, महालक्ष्मी रेसकोर्सवर. आता गावी शेती करतो. माझ्या गोठ्यात शर्यतीतून आलेली दोन जनावरं आहेत, एक घोडी आणि एक खच्ची केलेला घोडा.

आधी पाय बघा. 'टेंडन गेला' एवढ्या सांगण्यावर राहू नका. गुडघ्याच्या खाली नळीच्या मागं बोटं फिरवा. चांगल्या पायाला तिथं ताणलेल्या दोरीसारखी सरळ नस लागते. दुखावलेल्या पायाला मधेच केळासारखा बाक येतो. तळहात ठेवून बघा, दुसऱ्या पायापेक्षा गरम लागतो का. सोनोग्राफी झाली असेल तर तो कागद मागून घ्या. जखम भरायला ९ महिने ते वर्ष जातं, आणि भरली तरी नस पहिल्यासारखी लवचीक होत नाही. शेतातून, रस्त्यानं सावकाश रपेट मारायला असा पाय बहुतेक वेळा पुरतो. उड्या आणि भरधाव पळणं विसरा.

आता बसण्याचं. रेसच्या घोड्याला काय शिकवलेलं असतं ते नीट समजून घ्या, बाहेरचे लोक इथंच फसतात. आपण लगाम ओढला की घोडं थांबावं असं आपल्याला वाटतं. रेसचं घोडं लगामावर भार टाकून पळायला शिकलेलं असतं. तुम्ही घाबरून दोन्ही हातांनी ओढाल तितकं ते जोरात जाईल, कारण त्याच्या लेखी तुम्ही 'चल' म्हणताय. त्याच्यावर चढायची रीतही वेगळी. तिथं सईस घोडं चालवत असतो, दुसरा माणूस जॉकीचा पाय धरून वर टाकतो. रिकिबीत पाय घालून चढणारा माणूस त्यानं पाहिलेलाच नसतो. तुम्ही रिकिबीत वजन टाकलं की ते पुढं निघणार. यात त्याचा द्वाडपणा नाही. दोन वर्षांचं असल्यापासून त्याला एवढंच माहीत आहे. पहिले ४ ते ६ महिने खोगीर घालूच नका. मोरखी घालून हातानं फिरवा, उभं राहायला शिकवा. आणि तुम्ही स्वतः नवीन आहात, तेव्हा आधी दुसऱ्या शांत घोड्यावर बसायला शिका. नवं माणूस आणि नवं घोडं एकाच वेळी शिकायला लागले की दोघांनाही इजा होते.

माझा घोडा आला ती पहिली रात्र सांगतो. संध्याकाळी ७ ला गाडीतून उतरवला. गोठा स्वच्छ केला होता, खाली मुरूम, वर गव्हाचा भुसा. त्यानं कडब्याला तोंड लावलं नाही, पाणी हुंगून सोडलं. रात्रभर एकाच दिशेनं गोल फिरत राहिला. दोन तासांत भुश्यात वर्तुळ पडलं, खालचा मुरूम दिसायला लागला. छाती घामानं ओली. मी मोरखी धरून बाजूला उभा, काही सुचेना. तबेल्यात त्याच्या दोन्ही बाजूंना, समोर, रात्रंदिवस घोडे असायचे. जन्मात एकटा राहिला नव्हता तो. पहाटे चारला तो थांबला आणि कान टवकारून दाराकडं बघायला लागला, कारण ती त्याची फिरायला जायची वेळ. कुणी आलं नाही. सकाळी बायकोनं वगार आणून त्याच्या शेजारी बांधली. अर्ध्या तासानं त्यानं मान खाली घातली आणि पहिला घास घेतला. ती वगार आता व्यालेली म्हैस आहे, अजून त्याच्याच शेजारी बांधतो.

वरातीबद्दल चुलत्यांना माझं नाव घेऊन सांगा, नको म्हणून. माझ्याकडची घोडी मी २०१९ मध्ये वरातीवाल्या एका माणसाला दिली होती. माणूस गोड बोलला, मी तोंडी शब्दावर विश्वास ठेवला. १४ महिन्यांनी एका लग्नात ती मला दिसली. डीजेच्या गाडीपुढं उभी, अंगावर जरीची झूल, अंग थरथरतंय. लगामानं तोंडाचे दोन्ही कोपरे फाटलेले. झूल उचलून बघितलं तर बरगड्या मोजता येत होत्या. मी हाक मारली तर तिनं मान वळवून माझ्या खिशाकडं तोंड आणलं, गूळ मागायची तिची सवय होती तशी. तिला देण्याची चूक माझी होती, हे मी आजही मनापासून मानतो. दुसऱ्या दिवशी पैसे देऊन परत आणली. तीच आता गोठ्यात आहे.

म्हणून तुम्ही घेत असाल तर स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या आणि लिहून द्या. पुढं सांभाळणं झालं नाही तर आधी या मालकाला विचारायचं, परस्पर कुणाला द्यायची नाही, शर्यतीला जुंपायची नाही.

जनावरांचे_डॉक्टर_लातूर

वरच्या काकांनी पायाचं नेमकं सांगितलं. मी खाण्याचं आणि आजारांचं लिहितो.

४५० किलोच्या घोडीला दिवसाला साधारण ९ किलो कोरडा चारा लागतो. घोड्याचं पोट शरीराच्या मानानं लहान असतं आणि त्याला उलटी होत नाही, म्हणून थोडं थोडं, दिवसभर. कडबा चालतो, पण कुट्टी करून, आणि बुरशी लागलेला अजिबात नाही. तबेल्यात तिला ओट आणि खुराक भरपूर मिळत असणार. तो एकदम तोडू नका, गावचा चाराही एकदम सुरू करू नका. २ ते ३ आठवड्यांत हळूहळू बदल करा, नाहीतर पोटदुखी होते आणि घोड्याची पोटदुखी जीव घेते.

तीन गोष्टी म्हशींच्या सवयीनं चुकतात. एक, पावसाच्या ताणात खुरटलेली कोवळी ज्वारी. तिच्यानं जनावराला किराळ लागतं, म्हणजे विषबाधा होते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण घोड्याला हिरवी ज्वारी बरेच दिवस चारली तर मूत्राशय सुजतं आणि मागचे पाय लुळे पडतात, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. दुसरं, बुरशी धरलेला मका. त्यानं घोड्याचा मेंदू खराब होतो. तिसरं, म्हशीचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असेल तर ते घोड्याच्या हृदयावर घात करतं, थोड्या प्रमाणातही. पिशवीवर नाव वाचल्याशिवाय तिच्या गव्हाणीत काही टाकू नका.

निघण्यापूर्वी ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्या, नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडं जातो. हा रोग माणसालाही होतो, आणि जनावर बाधित निघालं तर कायद्यानं त्याला मारावंच लागतं. धनुर्वाताची लस चुकवू नका. पावसाळ्यात मोठ्या चावऱ्या माश्यांमुळं सर्रा होतो. ताप चढउतार, पोटाखाली सूज, घोडी वाळत चालली असं दिसलं तर रक्त तपासा. तुमच्या जवळच्या दवाखान्यात घोड्याचा अनुभव नसेल तर परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या.

बालाघाट_शेती

सगळ्यांचे मनापासून आभार. वरातीचा विषय काल रात्री घरात संपला. आईनं काकांचं लिहिलेलं चुलत्यांना वाचून दाखवलं.

भाऊ मात्र शिंगराला अडून बसलाय. मित्रानं तिच्या विक्रीच्या वेळच्या कॅटलॉगचं पान पाठवलंय, त्यात आईकडची बरीच नावं ठळक अक्षरात आहेत. तो म्हणतो एवढ्या रक्ताची घोडी नुसती बांधून ठेवायची का? आणि उन्हाळ्याचं कुणी सांगितलं नाही. मे महिन्यात आमच्या विहिरीला जेमतेम तासभर पाणी असतं.

पूर्णाकाठ

पाण्याचं आधी, कारण माझ्या मते निर्णय त्यावरच आहे. साध्या दिवशी ३०-४० लिटर, मे महिन्यात त्याहून बरंच जास्त. शिवाय दुपारी अंग धुवायला वेगळं. गोठ्याला पाचट किंवा तुराट्यांचं जाड छप्पर, दोन्ही बाजूंनी वारा, मिठाचा खडा कायम समोर. टँकरवर दिवस काढायची वेळ येत असेल तर उन्हाळ्याआधी टाकी बांधा, मगच घोडी आणा. आणि काळ्या रानात पावसाळ्यात सोडू नका. चिखल नाल उपटून काढतो, खूर कुजतात. बांधालगत मुरूम टाकून कोरडी जागा करा. रेसचे नाल ॲल्युमिनियमचे, पातळ असतात. ते काढून टाका, ५-६ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर साळून घ्या.

आता ते पान. मीही लिलावात शिंगरं धरून उभा राहिलोय. पहाटे खरारा, आयाळ ओल्या ब्रशनं एका बाजूला बसवायची, खुरांना तेल. खरेदीदारांच्या हातात कॅटलॉग असतो. ज्यांनी मोठ्या शर्यती मारल्यात त्यांची नावं ठळक छापतात, आणि आईच्या बाजूला अशी अक्षरं जास्त असली की बोली चढते. लोक आधी पान बघतात, मग शिंगराचे गुडघे, मग चाल. हातोडा पडला की त्याच मिनिटाला दोरी दुसऱ्या सईसाच्या हातात. सहा-सहा महिने हातानं खाऊ घातलेलं शिंगरू वळून बघतं, आणि आपण पुढचं आणायला निघालेलो असतो.

पण त्या पानाची किंमत स्टडबुकात, म्हणजे थरोब्रेडच्या वंशावळीच्या नोंदवहीत, राहण्यापुरतीच आहे. थरोब्रेड म्हणून नोंद व्हायची तर आई आणि बाप दोन्ही नोंदलेले लागतात. नैसर्गिक मिलनच लागतं, कृत्रिम रेतन चालत नाही. शिंगराचा डीएनए जुळवतात, मानेत चिप घालतात. नोंद पुण्याच्या स्टडबुक अथॉरिटीकडं. भावाच्या मारवाडी घोड्यापासून झालेल्या शिंगराला त्या पानातलं एकही नाव लागणार नाही. शिवाय ११ महिने गाभण, पुढं सहा महिने अंगावर पाजायचं, आणि हे सगळं दुखऱ्या पायावर वजन वाढवून. मालकाला त्या रक्ताची गरज असती तर घोडी पैदाशीच्या स्टड फार्मवर गेली असती, तुमच्याकडं आली नसती. भावाला सांगा, तिचा पाय भरेपर्यंत रोज सकाळी अर्धा तास तिला हातानं चालवायचं काम त्याचं. दोन महिन्यांत तो शिंगराचं नाव काढणार नाही, तिच्याच मागं लागेल.

जमलं तर पुण्याला स्वतः जा, फोटोवर ठरवू नका. सकाळी ६ च्या आत तबेल्यात पोचा, म्हणजे ती कशी चालते, कशी खाते ते दिसेल. तिचा सईस कोण ते विचारा, त्याच्याजवळ बसून चहा घ्या. ती कुठं हात लावू देत नाही, कशाला बुजते, गाडीत आधी कोणता पाय टाकते, हे त्यालाच माहीत असतं. आणि तो तिला काय म्हणून हाक मारतो ते लिहून आणा. कॅटलॉगमधल्या नावानं तिला कुणी कधी बोलावलेलं नसतं, त्या नावाला ती मान वळवणार नाही.

वगार तुमच्याकडं आहेच. पहिल्या रात्रीपासून शेजारी बांधा.