ठोक्यासोबत येणारा आवाज वेगळा धरा

‘कानातल्या आवाजावर औषध नाही, सवय करून घ्या’ असं कुणीतरी लिहिलंय. सतत शिट्टी वाजणाऱ्यांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे, पण नाडीच्या ठोक्यासोबत येणाऱ्या आवाजाला ते लावू नका. त्यामागे बऱ्याचदा सापडण्यासारखं कारण असतं: अंगात रक्त कमी असणं, थायरॉईड, डोक्यातली शीर अरुंद होणं किंवा आतला दाब वाढणं.

माझी धाकटी बहीण चोपड्याला (जळगाव जिल्हा) असते. तिला असाच ठोक्यासोबतचा आवाज कानात यायचा. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत तिचं निभायचं, थंडीत पंखे बंद झाले की उशीला कान टेकवणं नकोसं व्हायचं. ज्या कानात आवाज, त्याच बाजूला मान वळवली की आवाज बारीक व्हायचा. शिरेतून येणाऱ्या आवाजाची ही खूण. श्रवण चाचणी नॉर्मल, साधा एमआरआय नॉर्मल, मग ‘टेन्शन घेऊ नका’. उलगडा झाला तो डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. थेंब टाकून पडदा तपासला, तर डोळ्याच्या नसेला सूज, म्हणजे डोक्यातला दाब वाढल्याची खूण! मग शिरांचा एमआरआय, म्हणजे व्हेनोग्राफी, झाली. अॅसिटाझोलामाइड हे दाब कमी करणारं औषध सुरू झालं, वजन उतरवायला सांगितलं. आवाज पुरता गेलेला नाही, पण ती आता झोपते. आणि नजर वाचली हे फार मोठं. ही सूज तशीच राहिली तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून मुंबई-पुण्याची गाडी धरण्याआधी जळगाव-धुळ्यातच डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, हिमोग्लोबिन बघा, आणि डॉक्टरांना ‘ठोक्यासोबत येतो’ हे आवर्जून सांगा.